ऐकण्याचे शिक्षण आणि मराठी शाळेचे भवितव्य

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, गणित आणि विज्ञान या विषयांत उत्तम गुण मिळवलेला, तालुक्याच्या गावातून आलेला एक विद्यार्थी शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसतो. प्राध्यापक बोलू लागतात. फळ्यावर समीकरण उमटते, ते त्याला ओळखीचे असते. पण त्या समीकरणाभोवती जे बोलले जाते ते त्याच्या कानावरून वाहून जाते. 'त्वरण' म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक असते. 'ॲक्सिलरेशन' हा शब्द छापलेला दिसला तर तोही तो ओळखतो. परंतु चालू वाक्याच्या ओघात तो शब्द कानी पडतो, तेव्हा ओळख पटेपर्यंत प्राध्यापक दोन वाक्ये पुढे गेलेले असतात. तासाच्या शेवटी वहीत फळ्यावरची आकडेमोड तेवढी उतरलेली असते. ती का केली, कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही, हे सारे हवेत विरून गेलेले असते.

असा विद्यार्थी दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयात असतो. तो हात वर करून शंका विचारत नाही. कारण शंका विचारायला निदान काय कळले नाही हे तरी कळावे लागते. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात, दुसऱ्या सत्रात तीन. गावी घरी बातमी पोहोचते आणि घरात एकच निष्कर्ष निघतो : मराठी शाळेत घातले, तेथेच चुकले. धाकट्या भावंडाचे नाव लगोलग इंग्रजी शाळेत दाखल होते. शेजारचे घरही त्यातून धडा घेते. मराठी शाळेचा एकेक वर्ग असा रिकामा होतो. शासनाचे धोरण, अनुदानाचा प्रश्न, इमारतींची दुरवस्था ही कारणे आहेतच. पण पालकांच्या मनातील ही एक भीती त्या सर्वांहून प्रबळ आहे.

ही भीती खोटी नाही, तिचे निदान मात्र चुकलेले आहे. तो विद्यार्थी मराठीत शिकला म्हणून अडलेला नाही. इंग्रजीतील व्याख्यान ऐकावे कसे, हे त्याला कोणी कधीच शिकवले नाही म्हणून तो अडला आहे. हे कौशल्य शिकवता येते, तेही थोड्या काळात आणि थोड्या खर्चात. मात्र ते शिकवावे लागते, आपोआप येत नाही. मराठी शाळेच्या रक्षणाचा विचार करणाऱ्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घेण्याची वेळ आली आहे.

वाचलेले इंग्रजी आणि ऐकलेले इंग्रजी

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या वेळचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी भरपूर वाद झाला. आज पाव शतक लोटल्यावर त्या वादात न शिरता एवढे निश्चित म्हणता येते, की दहा वर्षे इंग्रजी शिकूनही मराठी शाळेतील बहुसंख्य मुलांच्या कानावर इंग्रजी फारसे पडलेले नसते. शिक्षक धडा वाचतात, वाक्यागणिक मराठीत अर्थ सांगतात, प्रश्नोत्तरे लिहून देतात. परीक्षा प्रामुख्याने लेखी, म्हणून अध्यापनही लेखी. इंग्रजी ही डोळ्यांनी शिकायची भाषा होऊन बसली आहे.

अकरावी विज्ञानाची पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात, तेव्हा हा दोष तेथे तरी दूर होईल असे वाटते. प्रत्यक्षात कनिष्ठ महाविद्यालयांत आणि खासगी शिकवण्यांत बोलण्याची भाषा बहुधा मिश्र असते. पारिभाषिक शब्द इंग्रजी आणि त्यांना जोडणारे क्रियापद मराठी, अशा धाटणीत दोन वर्षे निघून जातात. मुलांना शब्द कळतात, पण शब्दांमधला सांधा इंग्रजीत ऐकण्याची सवय होत नाही. परिणामी सलग तासभर चाललेले इंग्रजी व्याख्यान मुलाला प्रथम भेटते ते थेट पदवीच्या वर्गात.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीतून देता येते. अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत होते. हे स्वागतार्हच आहे. पण याचा अर्थ असा, की प्रवेशाच्या दारापर्यंत मराठी चालते आणि उंबरठा ओलांडताच ती बाहेर राहते. दार उघडणाऱ्यांनी आतल्या वाटेचा विचार केलेला नाही.

वाचणे आणि ऐकणे यांत मूलभूत फरक आहे. छापील ओळ वाचकासाठी थांबून राहते. उच्चारलेले वाक्य कोणासाठी थांबत नाही. इंग्रजी व्याख्यानाचा वेग मिनिटाला सरासरी १४० शब्दांच्या आसपास असतो, असे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या टॉरोझा आणि ॲलिसन यांच्या पाहणीत आढळले. त्यात एखादा शब्द मनातल्या मनात मराठीत आणण्यासाठी तीन सेकंद थांबलेल्या विद्यार्थ्याचे सहा-सात शब्द निसटतात, आणि निसटलेल्या शब्दांत 'नाही' हा एक शब्द असला तर विधानाचा अर्थच उलटतो.

शिवाय इंग्रजीची ध्वनिव्यवस्था मराठीहून निराळी आहे. मराठीत जसे लिहावे तसे बव्हंशी बोलावे लागते आणि प्रत्येक अक्षराला आपापला उच्चार मिळतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबली जातात. 'फोटोग्राफ' या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर, तर 'फोटोग्राफी' या शब्दात दुसऱ्यावर. एका शब्दाची दोन रूपे कानाला दोन निराळे शब्द वाटू शकतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील गोंधळाने गणिताचे उत्तर चुकते. 'कॅन' आणि 'कान्ट' यांतील गोंधळाने सिद्धान्तच चुकतो. ज्याने हे शब्द केवळ डोळ्यांनी शिकले आहेत त्याच्या कानाला ही भाषा जवळजवळ नवीनच असते.

ही अडचण एकट्या मराठी मुलाची नव्हे. हाँगकाँगमध्ये घरी कँटोनीज बोलणाऱ्या आणि विद्यापीठात इंग्रजीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जॉन फ्लॉवरड्यू आणि लिंडसे मिलर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या मुख्य अडचणी अशा : बोलण्याचा वेग, नव्या संज्ञा व संकल्पना, आणि तासभर लक्ष टिकवणे. पुण्यातील वा नागपुरातील विद्यार्थ्याला विचारले तर तो याहून निराळे काय सांगेल? फरक एवढाच, की जगात इतरत्र या अडचणीला शिक्षणशास्त्राचा प्रश्न मानून त्यावर उपाय शोधले गेले, आणि येथे ती विद्यार्थ्याची वैयक्तिक उणीव मानली गेली.

व्याख्यान ऐकणे हे स्वतंत्र कौशल्य

गप्पा ऐकणे निराळे आणि व्याख्यान ऐकणे निराळे. गप्पांत समोरच्याला थांबवता येते, पुन्हा विचारता येते, चेहऱ्यावरून अर्थ लावता येतो. व्याख्यानात श्रोत्याला एकट्यानेच विषयाचा माग काढावा लागतो. जॅक रिचर्ड्स यांनी १९८३ साली श्रवणाच्या उपकौशल्यांची यादी केली, तेव्हा व्याख्यान ऐकण्यासाठीची अठरा कौशल्ये त्यांनी वेगळी मांडली. व्याख्यानाचा हेतू ओळखणे, मुख्य मुद्दा आणि उदाहरण यांत भेद करणे, विषयांतर कोठे झाले हे ओळखणे, विषयाच्या शब्दावलीवरून न ऐकलेल्या शब्दाचा अर्थ ताडणे, ही त्यांपैकी काही.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्याख्यानाच्या वाटेवरील खुणा. शॉड्रॉन आणि रिचर्ड्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात परदेशी विद्यार्थ्यांना एकाच व्याख्यानाच्या निरनिराळ्या आवृत्त्या ऐकवल्या. ज्या आवृत्तीत 'आता पुढचा प्रश्न पाहू', 'याचे मुख्य कारण असे' या धर्तीची रचना दाखवणारी वाक्ये होती, ती ऐकणाऱ्यांना आशय अधिक चांगला आठवला. वाक्याच्या आरंभी नुसतेच 'वेल', 'सो', 'ओके' म्हटल्याने तसा लाभ झाला नाही.

महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. नारदीय कीर्तनाला बसलेला साधा श्रोता हेच करत आला आहे. पूर्वरंगात अभंग घेतला जातो, त्याचे निरूपण होते, मधे नामगजर होतो, मग उत्तररंगात आख्यान लागते आणि शेवटी बुवा मूळ अभंगाकडे परततात. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कीर्तन कोठे आले आहे हे अचूक समजते, कारण रचना तिच्या मनात आधीपासून असते. एखादा दृष्टान्त कळला नाही तरी सिद्धान्त हातचा जात नाही. इंग्रजी व्याख्यानाच्या वर्गात बसलेल्या तिच्या नातवाला रचनेचा हा आधारच मिळालेला नसतो. म्हणून तो प्रत्येक शब्द पकडण्याचा प्रयत्न करतो आणि एकही धरून ठेवू शकत नाही.

संघशाखेतून आलेल्या कार्यकर्त्यालाही याचा अनुभव आहे. बौद्धिक वर्गात विषय ऐकायचा, टिपणे काढायची आणि मग गटचर्चेत त्याची उजळणी करायची, ही पद्धत त्याच्या अंगवळणी पडलेली असते. ऐकणे, टिपणे आणि चर्चा हा क्रम त्याला मराठीत येतो. तोच क्रम इंग्रजीत नेणे एवढेच काम उरते.

हे शिकवायचे कसे?

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. ध्वनिमुद्रण लावणे आणि नंतर दहा प्रश्न विचारणे, याला श्रवणाचे अध्यापन म्हणता येणार नाही. ती परीक्षा झाली. ज्याला पोहता येत नाही त्याला पाण्यात टाकून तो किती अंतर कापतो हे मोजण्यासारखा तो प्रकार आहे. अध्यापनात पायऱ्या असाव्या लागतात.

पहिली पायरी शब्दांची, आणि येथे मराठी माध्यम हे ओझे नसून भांडवल आहे. मुलाच्या मनात संकल्पना पक्की असते. तिला नव्या ध्वनीशी जोडायचे असते. जडत्व आणि 'इनर्शिया', संवेग आणि 'मोमेंटम', रोध आणि 'रेझिस्टन्स', संयुग आणि 'कंपाउंड' अशा जोड्या तोंडाने म्हणून, कानाने ऐकून पक्क्या करायच्या. यादी पाठ करून हे साधत नाही. वाक्यात ऐकून साधते. विषयाच्या संज्ञांखेरीज सर्व विद्याशाखांत वापरले जाणारे सामान्य शब्दही असतात. 'ॲनालाइज', 'सिग्निफिकंट', 'डिराइव्ह', 'कन्सिस्ट' अशा शब्दांची ५७० शब्दकुळे न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली निश्चित केली. रोज चार शब्दकुळे घेतली तर पाच महिन्यांत ती संपतात.

दुसरी पायरी पूर्वतयारीची. व्याख्यानाचा विषय काय, त्यात कोणते प्रश्न येतील, याची चर्चा आधी मराठीत करावी. विषय माहीत असलेला कान अर्धे काम आधीच करून ठेवतो.

तिसरी पायरी खुणा ओळखण्याची. पाच मिनिटांचा उतारा ऐकवायचा आणि 'ऑन द अदर हँड', 'फॉर इन्स्टन्स', 'लेट अस नाऊ टर्न टू', 'टु सम अप' असे शब्द आले की बोट वर करायचे. अर्थ कळला नाही तरी चालेल. वळण कोठे आले एवढे कळले पाहिजे. खेळासारख्या चालणाऱ्या या सरावाने मुलांची भीती जाते.

चौथी पायरी पुनर्रचनेची. रूथ वाजनरिब यांनी १९९० साली 'डिक्टोग्लॉस' नावाची पद्धत मांडली. शिक्षक लहानसा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचतात. विद्यार्थी फक्त महत्त्वाचे शब्द टिपतात आणि मग चौघांच्या गटात बसून त्या शब्दांवरून उतारा पुन्हा उभा करतात. शेवटी मुळाशी ताडून पाहतात. कोणाला काय ऐकू आले आणि काय निसटले, हे येथे उघड होते. या पद्धतीला कोणतेही उपकरण लागत नाही. एक चांगला वाचक पुरतो.

पाचवी पायरी टिपणांची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांची पद्धत प्रसिद्ध आहे : पानाच्या उजवीकडे रुंद जागेत टिपणे, डावीकडील अरुंद पट्टीत नंतर काढलेले प्रश्न व कळीचे शब्द, आणि खाली सारांश. मराठी विद्यार्थ्याने टिपणांत संज्ञा इंग्रजीत आणि संबंध मराठीत लिहिले तर बिघडत नाही. टिपण हे समजण्याचे साधन आहे. त्याला कोणी गुण देणार नसतो.

या सर्वांवर कळस म्हणजे स्वतःच्या ऐकण्याचे निरीक्षण. ऐकण्यापूर्वी अंदाज बांधणे, ऐकून तो तपासणे, सोबत्याशी ताडून पाहणे, पुन्हा ऐकणे आणि कोठे चुकले याची नोंद करणे, असे चक्र कॅनडातील लॅरी व्हँडरग्रिफ्ट यांनी पुरस्कारले. फ्रेंच शिकणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर त्यांनी केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने शिकलेला गट पुढे गेला, आणि आधी कच्चे असलेल्यांना तिचा लाभ अधिक झाला. पुढे गेलेल्यांना आणखी पुढे नेणाऱ्या योजना पुष्कळ असतात. मागे पडलेल्याला उचलणारी पद्धत समाजाच्या दृष्टीने अधिक मोलाची.

ऐकवायचे काय, हाही प्रश्न आहे. केवळ लंडनच्या निवेदकाचे इंग्रजी ऐकवून भागणार नाही. मराठी विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गात भेटणारे प्राध्यापक मराठी असतील, तमिळ असतील किंवा बंगाली असतील. प्रत्येकाच्या इंग्रजीवर मातृभाषेची छाया असणार. सुदैवाने त्याचा मोठा साठा देशातच उपलब्ध आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ साली सुरू केलेल्या 'एनपीटीईएल' उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. २०१७ पासून 'स्वयम्' हे शासकीय व्यासपीठही आहे. थांबवता येणारे, मागे नेता येणारे व्याख्यान हे नवशिक्यासाठी वरदान आहे. दहावीच्या परीक्षेनंतर अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात रोज एक तास दिला, तरी अकरावीत शिरताना त्या मुलाचा कान सिद्ध असेल.

श्रुतींच्या देशात श्रवणाची उपेक्षा

ज्या देशाने आपल्या मूळ ज्ञानाला 'श्रुती' हे नाव दिले, त्या देशात ऐकण्याचे शिक्षण नसावे हा केवढा विपर्यास! याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला सांगितलेला मार्ग श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा आहे. त्यात आरंभ श्रवणाचा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती वर्णन करताना पहिला समास श्रवणाला दिला. सहा वेदाङ्गांत 'शिक्षा' हे उच्चारशास्त्र आहे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी अक्षर न अक्षर जतन केले गेले ते कानाच्या बळावर. ध्वनींचा इतका सूक्ष्म अभ्यास ज्या परंपरेने केला, तिच्या वारसांना दुसऱ्या भाषेचे ध्वनी अवघड जाण्याचे कारण नाही. परंपरेचा अभिमान सभेत सांगणे सोपे असते. तिची पद्धत वर्गात आणणे हे खरे काम आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप व्यवहारी पालकाचा. एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलाला प्रथमपासून इंग्रजी शाळेत घालणेच बरे नव्हे काय? हा प्रश्न विचारणाऱ्या घरांत स्वदेशीचा आणि स्वभाषेचा आग्रह धरणारी घरेही आहेत, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. त्याचे उत्तर असे, की गल्लोगल्लीच्या इंग्रजी शाळांतूनही व्याख्यान ऐकणे शिकवले जात नाही. तेथेही धडा वाचला जातो आणि उत्तरे पाठ होतात; शिवाय घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत संकल्पना शिकावी लागल्याने ती कच्चीच राहण्याचा धोका असतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून असावे हे युनेस्कोने १९५३ सालीच मांडले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही मातृभाषेचा पुरस्कार केला. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. मात्र अशी उदाहरणे सांगून थांबणे हीदेखील एक पळवाट आहे. असामान्य माणूस वाट स्वतः काढतो. सामान्य मुलासाठी वाट समाजाने काढावी लागते.

दुसरा आक्षेप स्वभाषाभिमान्यांचा. इंग्रजी ऐकायला शिकवणे ही मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणीपुढे पत्करलेली शरणागती नव्हे काय? उच्च शिक्षणच मराठीत का आणू नये? ते आणावेच. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीने आठ राज्यांतील १४ महाविद्यालयांनी पाच भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिक्षणाची तयारी केली. त्यांत पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. भारतीय भाषेत उच्च शिक्षण शक्य आहे हे तर १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूच्या बाबतीत दाखवले होते. पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे : निजामी राज्यातील मराठवाड्याच्या मराठी मुलाला त्यासाठी उर्दूतून शिकणे भाग पडे. शासनाची भाषा बदलली, तरी वर्गात परकी भाषा ऐकत बसण्याची त्याची शिक्षा तीच राहिली. १९४८ नंतर उर्दू गेली आणि तिच्या जागी इंग्रजी आली, तेव्हाही ती सुटली नाही.

मराठीतून सर्व विद्या उपलब्ध होईपर्यंत काही पिढ्या जातील. तोपर्यंत जी मुले आज वर्गात बसली आहेत त्यांचे काय? त्यांना ध्येयवादाची किंमत मोजायला लावणे अन्यायाचे होईल. आणि मराठीतून अभियंता झालेल्यालाही जगातील परिषदेत दुसऱ्याचे म्हणणे ऐकून उत्तर द्यावे लागणारच. कल्याणच्या घराण्यात वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, इंग्रजीतून वैद्यक शिकल्या आणि १८८६ साली पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा. परकी भाषा आत्मसात करूनही स्वत्व कसे राखता येते याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

कार्यकर्त्यांपुढील काम

परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी मध्यमवर्गीय घरे 'आयल्ट्स'च्या शिकवणीवर पैसे खर्च करतात. त्या परीक्षेत सुमारे तीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात आणि त्यावर चाळीस प्रश्न असतात. म्हणजे जे कौशल्य बाविसाव्या वर्षी शुल्क भरून शिकवले जाते, ते सोळाव्या वर्षी विनामूल्य शिकवता येईल हे उघड आहे. ज्यांना परवडते त्यांनी ते विकत घेतले. ज्यांना परवडत नाही त्यांचे आईवडील मराठी शाळेला दोष देतात.

हे काम शासनाच्या आदेशाची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. शहरोशहरी ग्रामीण विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत, अभ्यासिका आहेत, शाळांचे माजी विद्यार्थी संघ आहेत. विद्या भारतीच्या शाळा आहेत, विद्यार्थी परिषदेचे महाविद्यालयीन कार्यकर्ते आहेत. निवृत्त प्राध्यापक, अभियंते आणि बँकांतील अधिकारी यांच्याकडे वेळ आहे आणि इंग्रजीत बोलण्याची सवय आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी एका वसतिगृहात एका निवृत्त प्राध्यापकाने आपल्याच विषयावर दहा मिनिटे इंग्रजीत बोलावे, मुलांनी टिपणे काढावीत, गटात ताडून पाहावीत आणि न कळलेले मराठीत विचारावे. याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही, सातत्य लागते. आणि सातत्य ही तर कार्यकर्त्याची खरी मिळकत.

महाविद्यालयांतील प्राध्यापकांचाही यात वाटा आहे. तासाच्या आरंभी आजचे तीन मुद्दे फळ्यावर लिहिणे, मुद्दा बदलताना तसे स्पष्ट सांगणे, नवी संज्ञा उच्चारताना ती लिहूनही दाखवणे आणि शेवटच्या दोन मिनिटांत सारांश सांगणे, एवढ्या चार गोष्टींनी मागच्या बाकावरचे कितीतरी विद्यार्थी वर्गात परत येतील. यात पातळी खाली आणण्याचा प्रश्नच नाही. चांगला कीर्तनकार हेच करतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद सर्वांनी साजरा केला, आणि तो योग्यच होता. पण दर्जाने शाळेचे बाक भरत नाहीत. मराठी शाळेतून गेलेला मुलगा कोठेही अडत नाही, हे जेव्हा गावातील प्रत्येक घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहील, तेव्हाच धाकट्या भावंडाचे नाव त्या शाळेच्या पटावर राहील. पहिल्या वर्षाच्या वर्गात मान खाली घालून बसलेला तो विद्यार्थी हुशार आहे, कष्टाळू आहे, संकल्पनांत पक्का आहे. त्याला फक्त ऐकायला शिकवायचे राहून गेले आहे. ते राहिलेले काम पूर्ण करणे ही त्याची नव्हे, समाजाची जबाबदारी आहे.